दोन शेड गडद, पण कोणत्या छटेत?
कॉन्टूरसाठी, म्हणजे चेहऱ्यावर सावलीचा भास करून गालासारखा भाग आत गेल्यासारखा दाखवणाऱ्या मेकअपसाठी, फाउंडेशनपेक्षा दोन शेड गडद रंग घ्या असा सल्ला देतात. तो पटतो, पण गडदपणाइतकीच छटाही बघायला हवी. कॉन्टूरमधून आपण सावली दाखवत असतो, आणि सावली केशरी नसते, किंचित करडेपणाकडे झुकते. म्हणून ब्राँझरने, म्हणजे त्वचेला उन्हाची तपकिरी झाक देणाऱ्या मेकअपने, कॉन्टूर केलं की गाल आत गेल्यासारखे न दिसता उन्हाने रापल्यासारखे दिसतात. शिमर तर इथे नकोच. चमक प्रकाश परत फेकते आणि जो भाग आत ढकलायचा तोच वर येतो. मॅट, म्हणजे बिनचमकीचंच घ्या. मात्र गडद त्वचेवर फार करडी शेड राखेसारखी दिसते, तिथे किंचित लालसर झाक असलेला गडद तपकिरी रंग जास्त नैसर्गिक वाटतो. माझ्या सावळ्या रंगावर तोच शोभतो.

क्रीम की पावडर, हे त्वचेवर ठरवा: कोरडीला क्रीम, तेलकटला पावडर. दोन्ही वापरणार असाल तर क्रीम आधी. पावडरवर क्रीम चोळलं की डाग पडतात आणि मग कितीही ब्लेंड केलं तरी जात नाहीत. आणि शेड मनगटावर नको, जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात बघा.