उताराच्या अंगणात पाणी मुरवायला चर: किती खोल, किती अंतरावर?

माळकरी:
सासवडजवळ चार गुंठे जागा आहे. घर वरच्या अंगाला, खाली कुंपणाची भिंत. दहा मीटरला साधारण ८० सेंमी उतार. वीतभर माती, खाली मुरूम. पावसाची जोराची सर आली की माती वाहून भिंतीशी साचते आणि फेब्रुवारीतच आंब्याची रोपं माना टाकतात. पाणलोटवाले डोंगरावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले) काढतात, तसेच पर्माकल्चरच्या, म्हणजे निसर्गाच्या कलाने बाग-शेती करायच्या पद्धतीने अंगणात छोटे काढायचेत. जेसीबी आणू की माणसं लावू?

मुरूममाती:
माणसंच लावा. जेसीबी फिरेल तिथली माती दाबली जाते, आणि दाबल्या मातीत पाणी मुरत नाही.

खोदाईपेक्षा आखणीला वेळ द्या, सगळं काम त्यावर आहे. दोन सारख्या लांबीचे बांबू, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला दगड: झाली ए-फ्रेम. ती उभी करून दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा. मग पाय अदलाबदल करून त्याच दोन जागांवर ठेवा, दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोब्बर मधे दोरी आली की दोन्ही पाय समपातळीत. तिथे चुन्याची फक्की टाकत पुढे सरका. रेघ वाकडीतिकडी येईल, ती सरळ करायचा मोह टाळा. गवंड्याकडची पाण्याची नळीही चालते.

चर वर ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल, कडा तिरप्या. निघालेली माती खालच्या बाजूला वरंब्याला. तळ सपाट हवा, नाहीतर पाणी एका टोकाला जमून तिथूनच फोडतं. रोपं वरंब्यावर किंवा त्याच्या पायथ्याशी लावा, चरात नको.

आता हिशेब. वरच्या २०० चौरस मीटरवर ५० मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर. पंधरा मीटरच्या अशा चरात मावतं जेमतेम १,८०० लिटर. म्हणून सांडवा (जादा पाणी बाहेर पडायची वाट) आधी ठरवा, मग कुदळ उचला. वरंब्याहून वीतभर खाली, रुंद, दगड बसवलेला, आणि त्याचं पाणी खालच्या चरात उतरेल असा.

जांभाकातळ:
सांडव्याबद्दल शंभर टक्के सहमत. मी रत्नागिरीकडची. आमच्या तीन हजार मिमीच्या पावसात तीव्र उतारावर पाणी असं अडवून धरणं धोक्याचं, माती फुगून दरड सुटू शकते. तुमच्याकडे ती भीती कमी. तरी पहिला चर घराच्या पायापासून निदान तीन मीटर लांब ठेवा, सेप्टिक टँकच्या आसपास काढूच नका. कुंपणाच्या भिंतीला पाणी जायला भोकं आहेत का?

माळकरी:
नाहीत. सलग सिमेंटची भिंत आहे.

जांभाकातळ:
मग आधी तळाशी भोकं पाडून पाईप बसवून घ्या, आतल्या तोंडाशी खडी भरा. भिंतीलगतच्या तीन मीटरात चर नको, तिथे वाळ्याची दाट ओळ लावा. मुळं खोल जातात, माती अडते.

मुरूममाती:
वरंब्यावर पहिल्या वर्षी तूर आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) घ्या, पाला तिथेच पसरा. वळीव पडला की मुरूम मऊ होतो, तेव्हाच खोदा. मजुरी निम्म्यावर येते.