मदत हवी आहे: देवचार, अवसार आणि पंधरा वर्षांची नायिका

नमस्कार मंडळी. किशोरांसाठी एक गूढ कादंबरी लिहितेय. ठाण्यात वाढलेली पंधरा वर्षांची मुलगी आईच्या वडिलांच्या बाराव्याला वेंगुर्ल्याजवळच्या गावी येते. तिथे तिला कळतं की या घराण्यात अवसार (अंगात देवाचा संचार) यायचा, आणि आईने ते मुद्दाम लपवलेलं. सोबत एका जुन्या मृत्यूचं कोडं. गाव काल्पनिक ठेवलंय.

आरवलीच्या वेतोबाला वाहतात ती भलीमोठी चामडी पायताणं, केळ्यांचे घड, तो रात्री फेरी मारतो म्हणून वहाणा झिजतात ही श्रद्धा, देवाचा कौल (देवाला विचारून मिळणारं उत्तर), गाऱ्हाणं (देवापुढे घालतात ते साकडं), एवढं मला ठाऊक आहे. (गाऱ्हाण्यातलं ‘व्हय म्हाराजा’ ऐकलं की अजून अंगावर काटा येतो.) अडतंय ते पुढे.

अवसाराचा मान मुलीकडे, तोही आईच्या माहेरकडून, गेल्याचं कुणी पाहिलं-ऐकलंय का? की असं लिहिलं तर जाणकार हसतील? मानकऱ्यांमध्ये त्यावरून वाद झाला तर तुमच्या गावऱ्हाटीत (गावच्या देवकार्याच्या रीतीत) निकाल कसा लागतो? आणि देवचाराचं (गावाची राखण करणाऱ्या अदृश्य शक्तीचं) घोंगडी-काठी-विडी हेच रूप ठेवू, की तुमच्याकडे वेगळं सांगतात?

भुतांचे मसालेदार किस्से नकोत, ते यूट्यूबवर पोत्याने आहेत. घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं हवंय. गावाचं नाव न देता सांगितलंत तरी चालेल. मालवणी संवाद तपासून देणारं कुणी भेटलं तर दुधात साखर.