बाजारात स्फोट झालाच, तर पहिल्या तासात कुणी काय करायचं? फलकासाठी मजकूर हवा (नांदेड)

वजिराबादकर
सणाच्या गर्दीआधी प्रत्येक गल्लीत सूचनाफलक लावायचा असं शांतता समितीच्या बैठकीत ठरलंय. हातात आलेला मजकूर नेहमीचाच: सतर्क राहा, घाबरू नका, अफवा पसरवू नका. पिशवी सापडली तर काय, जखमीला कुठं दाबायचं, कॅमेऱ्याचं काय, यातलं काहीच त्यात नाही. गल्ली वीस फुटी, दोन्ही अंगाला हातगाडे, वर काचेच्या शोरूम, दोन मिठाईवाल्यांचे सिलिंडर, तोंडाशी महावितरणची डीपी. दुकानातल्या पोराला वाचून जमेल असं सांगा.

जुना_बीडीडीएस
पिशवीपासून धरू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. बेवारस पिशवी दिसली की आपल्याकडं कुणी काठीनं ढोसतं, कुणी उचलून नालीत टाकायला निघतं, कुणी बादलीभर पाणी ओततं. तिन्ही जीवघेणं. आतलं सर्किट हलवल्यानं, चेन उघडल्यानं किंवा लावलेल्या वेळेला जुळू शकतं. पाण्यानं ते बंद पडेलच असं नाही, शॉर्ट होऊन तिथंच उडायचं. पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत १७ जणांचा जीव गेला, तो टेबलाखाली राहिलेल्या अशाच एका पिशवीनं.

एकदाच मोठ्यानं विचारायचं, "पिशवी कुणाची?" मालक पुढं आला नाही की हात न लावता मागं व्हायचं. मोबाइल पिशवीजवळ उभं राहून लावायचा नाही, लांब जाऊन ११२ लावायचा. तेव्हा चार गोष्टी सांगा: नेमकी जागा (मोठ्या खुणेसकट), वस्तू कशी दिसते, किती वेळापासून आहे, आणि गाडी कोणत्या तोंडानं आत येऊ शकते. लोकांना निदान शंभर मीटर आणि पक्क्या भिंतीआड न्या, पुढचं अंतर पोलीस वाढवतील. काचेच्या शोरूमसमोर गर्दी उभी करू नका, स्फोटात काचेचेच तुकडे लांबवर जाऊन लोकांना कापतात. ज्यानं पिशवी पहिल्यांदा पाहिली, त्याला घरी पाठवू नका. बॉम्बशोधक पथक (बीडीडीएस) आलं की पहिले प्रश्न त्यालाच असतात.

दुसरी गोष्ट फलकावर ठळक लिहा: स्फोटानंतर बघायला जमू नका. हैदराबादला दिलसुखनगरात २१ फेब्रुवारी २०१३ ला दोन स्फोट झाले, काही मिनिटांच्या अंतरानं, जवळजवळच. अहमदाबादला २६ जुलै २००८ ला तर जखमींना जिथं आणत होते त्या सिव्हिल हॉस्पिटलातही स्फोट झाला. जमलेली गर्दी हेच पुढचं लक्ष्य असू शकतं, मग ती गल्लीत असो की दवाखान्याच्या गेटवर.

१०८_वाला
जखमींचं माझ्याकडून घ्या. हातापायातून रक्ताची धार लागली असेल तर माणूस चार-पाच मिनिटांत हातचा जाऊ शकतो. तेवढ्यात अॅम्ब्युलन्स पोचत नाही, त्यामुळं ते काम शेजारी उभ्या असलेल्याचं.

आधी जखमेवर थेट दाब. ओढणी, रुमाल, शर्ट, मिळेल ते कापड घडी करून दोन्ही तळव्यांनी अंगाचा भार टाकून दाबा. दर मिनिटाला उचलून "थांबलं का" बघू नका, सलग दहा मिनिटं धरा. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा, पहिलं काढू नका. हळद, तंबाखू, चहापत्ती काही भरायचं नाही.

दाबूनही धार चालूच असेल तर पट्टा. जखमेच्या वर चार बोटं, गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. पट्टा दोन-अडीच बोटं रुंद हवा. इथंच चूक होते, लोक सुतळी नाहीतर वायर बांधतात. ती कातडीत रुतते, नस दाबली जात नाही, रक्त उलट वाढतं. ओढणीची एक गाठ मारा, तिच्यावर लाटणं किंवा पाना आडवा ठेवून दुसरी गाठ, आणि रक्त थांबेपर्यंत पिळा. जखमी ओरडेल, पट्टा घट्ट बसला की दुखतोच. लाटणं सुटू नये म्हणून टोक बांधा, बांधल्याची वेळ पेनानं त्याच्या कपाळावर लिहा. मधेमधे सैल करायचा नाही. "थोडं रक्त जाऊ द्या" हा जुना सल्ला चूक आहे. पट्टा डॉक्टरच काढतील.

मांडीचा सांधा, काख, इथं पट्टा बसत नाही. तिथं जखमेत कापड ठासून वरून दाबत राहायचं. खिळा, पत्रा, काच रुतली असेल तर उपसू नका, आजूबाजूनं कापडाची कडी करून तशीच हलवा. पाणी, चहा पाजू नका, पुढं ऑपरेशन लागू शकतं. अंगावर चादर किंवा रिकामं पोतं टाका, रक्त गेलेला माणूस थंड पडला की रक्त गोठणं बिघडतं. भाजलं असेल तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही.

स्फोटाजवळच्या माणसाचे कानाचे पडदे फाटलेले असू शकतात. "ऐकत नाही, भेदरलाय" म्हणून ओढू नका, हातानं खूण करा. वरून धड दिसणाऱ्यालाही छातीत दुखलं, दम लागला तर दवाखान्यात दाखवाच. धक्क्यानं फुप्फुसाला मार बसला तर त्रास काही तासांनीही सुरू होतो.

नेतानाची खोट अशी, की चालता येणारे टमटममध्ये बसून आधी पोचतात आणि जवळचा दवाखाना त्यांनीच भरतो. खरा अत्यवस्थ मागून येतो. किरकोळ जखमींना लांबच्या दवाखान्याकडं वळवा. एका माणसाचं काम फक्त रस्ता: हातगाडे एका अंगाला घेऊन बारा फूट मोकळं, दुसरं काही नाही. मिठाईवाल्यानं रेग्युलेटर बंद करूनच दुकान सोडायचं. डीपीला कुणी हात लावायचा नाही, लाइन महावितरणलाच बंद करू द्या.

गोदाकाठ
सगळं बरोबर आहे दादा, पण माणसं हाताची घडी घालून बसत नसतात. रक्त द्यायला पळणारच की. त्यांना नको म्हणायचं?

रक्तपेढी_लातूर
नको नाही, थांबा म्हणायचं. पहिल्या सहा-आठ तासांत जे रक्त चढतं ते आधीच फ्रिजमध्ये असलेलं. तुम्ही आज दिलेलं रक्त एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग, मलेरिया या तपासण्या झाल्याशिवाय कुणाला देत नाहीत. पाचशे माणसं एकदम गेटवर आली की अॅम्ब्युलन्स अडकते, आमचे चारच टेक्निशियन पिशव्या भरण्यात गुंततात आणि क्रॉसमॅच (जखमीला रक्त जुळतं का ते तपासणं) मागं पडतं. वर एकाच दिवशी गोळा झालेल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवसांत एकदमच मुदतीबाहेर जातात, प्लेटलेट तर ५ दिवसांत. आणि आज दिलेला पुरुष पुढचे ९० दिवस, बाई १२० दिवस परत देऊ शकत नाही. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात, जखमींची दुसरी-तिसरी ऑपरेशनं असतात तेव्हा दाते संपलेले.

मंडळानं करायचं ते आत्ता: वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, अशांची गटवार यादी, शेवटचं दान कधी ते लिहून. ओ निगेटिव्हवाले वेगळ्या कागदावर. पेढीनं मागितलं की दहा-दहा जण पाठवा. व्हॉट्सअॅपवर "तातडीनं रक्त हवं" टाकणार असाल तर तारीख, वेळ आणि "गरज संपली की हा मेसेज खोडतो" एवढं लिहा. बिनतारखेचा मेसेज दोन वर्षं फिरत राहतो, खरंच सांगतो.

डीव्हीआर_मिस्त्री
कॅमेऱ्यांचं कुणी बोललं नाही. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे सतत चालू असतील तर १ टीबीच्या डिस्कवर जेमतेम १०-१२ दिवस राहतात, एच.२६५ (व्हिडिओ कमी जागेत साठवायची नवी पद्धत) असेल तर साधारण दुप्पट. नंतर जुन्यावर नवं चढतं. पिशवी ठेवणारा आठवडाभर आधी पाहणी करून गेला असेल, तर तेच फुटेज आधी पुसलं जातं. म्हणून घटना झाली की त्याच दिवशी पोलिसांना कळवा. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) उघडू नका, डिस्क काढू नका, "फॉरमॅट करा" विचारलं तर हो दाबू नका.

घड्याळाचं लक्षात ठेवा. निम्म्या दुकानांत डीव्हीआरची वेळ पाच-दहा मिनिटं पुढंमागं असते, सेल गेला की तारीखच भलती. स्क्रीनवरची वेळ आणि मोबाइलची वेळ एकाच फोटोत घ्या. दहा दुकानांचं फुटेज जोडताना तोच फरक लागतो.

कोर्टगल्ली
त्याला जोडून. डीव्हीआर नेताना पंचनाम्याची प्रत मागा, त्यात मेक, सिरीयल नंबर आणि हॅश (फुटेजमध्ये फेरफार झाला का ते पकडणारा आकडा) यायला हवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं (जुनं ६५ ब), ते मालकानं सही करायच्या आधी वाचावं. फुटेज ग्रुपवर टाकू नका, ओळखपरेड बिघडते आणि दिसलेल्या भलत्याच माणसाच्या दारात जमाव जातो.

मोबाइलवरून थेट दाखवणं तर अजिबात नको. २६/११ ला टीव्हीवरचं थेट चित्रण बघून पलीकडून सूचना दिल्या जात होत्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या कसाब निकालात त्यावर कडक बोललंय. त्याच रात्री सीएसएमटीवर रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे यांनी केबिनमधून माइकवर लोकांना कोणत्या बाजूनं बाहेर पडायचं ते सांगत ठेवलं. मंडपातला माइक तुमच्याकडं असतोच. त्यावर दिशा सांगा, कारण सांगू नका. "बॉम्ब" हा शब्द माइकवर आला की चेंगराचेंगरी.

अफवेचा मेसेज पुढं ढकलणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ग्रुपमधल्या पोरांना हा आकडा सांगा, समजावण्यापेक्षा लवकर पोचतो. जमावबंदी लागली तर ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ची, लोक अजून १४४ च म्हणायलेत. नेट बंद झालं की फोनपे बंद, म्हणून दुकानाच्या गल्ल्यात सुट्टे पैसे ठेवा.

दवाखान्यानं "पोलीस केस आहे, आधी कागद आणा" म्हणून अडवलं तर ते चालत नाही. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, आधी उपचार, मग कागद. जखमीच्या केसपेपरवर एमएलसी (पोलीस केस असल्याची दवाखान्याची) नोंद होतेय ना, तेवढं बघा. नंतर दहशतवादी हिंसाचाराच्या बळींसाठीच्या केंद्राच्या योजनेत मृत्यू किंवा ५० टक्के अन् वर कायमचं अपंगत्व असेल तर ५ लाख रुपये मिळतात (२०१६ आधी ३ लाख होते), जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. रक्कम मुदत ठेवीत जाते, तीन वर्षं मोडता येत नाही. एमएलसी नसली की इथंच फाइल अडते.

वजिराबादकर
एका फलकावर हे मावायचं नाही. पट्ट्याचं चित्र काढू का लिहू?

१०८_वाला
चित्र. आणि दर तिसऱ्या दुकानात एक डबा: दोन इंच रुंद, जाडसर सुती पट्टी तीन मीटर, लाकडी दांडी एक वीत, काळं मार्कर, हातमोजे दोन जोड. डबा कुलपात ठेवू नका, किल्ली कुणाकडं हे त्या वेळी कुणालाच आठवत नाही.