मदत हवी आहे: मनगट करंगळीच्या बाजूने दुखतंय, एक्स-रे मात्र 'नॉर्मल'

तापीकाठ:

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे फक्त पाककृतींच्या धाग्यांवर वाद घालायला येते. आज गाऱ्हाणं घेऊन आलेय. वय ३९, मुक्काम जळगाव, नोकरी बँकेत. गेली चार वर्षं रोज पहाटे पावणेसहाला बॅडमिंटन. दहा-बारा जणांचा कंपू आहे. खेळतो डबल्सच, पण नेटजवळ शहाण्यासारखं उभं राहण्यापेक्षा मागून स्मॅश हाणायची मला हौस.

दुखतंय उजवं मनगट, करंगळीच्या बाजूने. मनगटाबाहेर जे गोल हाड वर येतं ना, त्याच्या जरासं पुढे. बोट टेकवलं की नेमकी तिथेच कळ. दिवाळीच्या सुमारास कोपऱ्यात गेलेलं शटल बॅकहँडने काढताना आत 'कट्' वाजलं. सूज नाही, काही नाही. गेम पूर्ण केला (हरलो, ते सोडा). दुसऱ्या दिवशी बँकेत कपाटाची किल्ली फिरवायला गेले आणि किल्ली हातातून पडली.

तरी खेळत राहिले. चूक माझीच.

पुढच्या रविवारी चुलत सासऱ्यांच्या मळ्यात भरीत पार्टी होती. बाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडे भरीत चमच्याने कालवत नाहीत. वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजायची आणि लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत दांडक्याने ठेचायची. बामणोदची पंधरा किलो वांगी होती. मी हौसेने दांडकं घेतलं आणि पाचव्या-सहाव्या ठोक्याला डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं मिरचीचं.

आत्ताची स्थिती अशी की सरळ स्मॅश मारताना फारसं दुखत नाही. पण फडकं पिळणं, बरणीचं झाकण उघडणं, दुधाचं पातेलं एका हाताने ओतणं, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठणं हे काहीही जमत नाही. कळण्याची भाकरी तव्यावर टाकताना पंजा उलटा होतो, तेव्हा आत टकटक होतं.

उपाय करून झाले. सासूबाईंनी आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप दिला, गार वाटलं. एका हाडवैद्यांनी "शीर चढलीय" म्हणत करंगळी अशी काही ओढली की दोन रात्री झोप नाही. मग हाडांचे डॉक्टर झाले. एक्स-रे बघून म्हणाले, "नॉर्मल आहे, वयाप्रमाणे होतं." ३९ हे कसलं वय हो? गोळ्या संपल्या आणि दुखणं परत हजर. दुसऱ्या डॉक्टरांनी दोन वाटा दाखवल्या: मनगटात इंजेक्शन घ्या, नाहीतर एमआरआय करा.

जानेवारीअखेर आमच्या शाखांच्या स्पर्धा आहेत. जोडीदारीण म्हणते इंजेक्शन घे आणि खेळून टाक. नवरा म्हणतो एमआरआय कर. सासूबाई म्हणतात रॅकेट विकून टाक.

तुम्ही काय केलं असतं? असं इंजेक्शन घेऊन कोणी खेळलंय का?

जाता जाता: सप्टेंबरात रॅकेट बदलली. आता डोक्याकडे जड आहे, तार २७ पौंडांवर ओढलेली. त्याचा काही संबंध?

रावेरचा केळीवाला:

ताई, 'जाता जाता' लिहिलंय ते पहिल्या ओळीत हवं होतं! २७ पौंड कोणी सांगितले? एवढ्या ताणावर शटल अगदी मधोमध बसलं तरच गोड लागतं. जरा बाजूला बसलं की दणका थेट हातात. आपल्यासारख्या हौशी खेळाडूला २२-२३ पुष्कळ झाले. त्यात डोकं जड, म्हणजे उशीर झालेला प्रत्येक फटका खांद्याऐवजी मनगटाने ओढून न्यावा लागतो. मूठ कोणती आहे? बहुतेक कंपन्यांत आकडा वाढला की मूठ बारीक, जी४ पेक्षा जी५ बारीक. बारीक मूठ घामात सटकते आणि आपण जास्तच आवळतो.

तापीकाठ:

जी५. आणि हो, आवळतेच. सांगणारा कोर्टावरचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा. त्याचं वय १९.

खान्देशी आप्पा:

माय वं! बहीन, मनगट शे का लोखंड? आते गुमान बठ.

गंमत सोडा. टेनिसवाल्या डेल पोत्रोची गोष्ट ऐका. २००९ला यूएस ओपन जिंकला, २०१०मध्ये उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया. मग डाव्या मनगटाच्या तीन. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं डावं मनगट कसं गेलं? दोन हातांच्या बॅकहँडमध्ये खरी मेहनत डाव्याची असते. २०१६ला परतला तेव्हा पुष्कळसे बॅकहँड एका हाताने कापूनच मारायचा, तरी रिओ ऑलिम्पिकला रौप्य घेतलं. टेनिसमधल्याच डॉमिनिक थीमचं उलट झालं. २०२१मध्ये उजवं मनगट दुखावलं, पुन्हा तो पहिल्यासारखा खेळलाच नाही आणि २०२४मध्ये थांबला. त्यांच्या दिमतीला डॉक्टरांची फौज होती, आपल्याकडे आंबेहळद.

साक्री_फिजिओ:

मी धुळ्यात फिजिओथेरपी करते. लिहिलेलं वाचून निदान होत नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगते.

एक्स-रेत हाड दिसतं. तुम्ही सांगताय ती जागा मऊ भागांची आहे. करंगळीकडचं हाड आणि पंजाची छोटी हाडं यांच्यामध्ये कूर्चेची त्रिकोणी गादी असते, तिला टीएफसीसी म्हणतात. हातावर भार पडला की साधारण २० टक्के या बाजूने जातो, पंजा करंगळीकडे झुकवून पिळलात की त्याहून जास्त. तुमचं फडकं पिळणं, किल्ली, बडगीचं दांडकं, सगळं तेच. खुर्चीवरून हात टेकून उठताना दुखणं ही तर आम्ही मुद्दाम करून बघायची चाचणी आहे.

भाकरीच्या वेळची 'टकटक' मात्र वेगळी विचारा. त्याच बाजूने ईसीयू नावाची कंडरा हाडाच्या खाचेतून जाते. तिला धरून ठेवणारं आवरण सैल झालं की पंजा वळवताना ती खाचेतून उडी मारते. कधी दोन्ही दुखणी एकत्रच निघतात. तिसरी शक्यता रॅकेटच्या बुडाची. ते तळहाताच्या मांसल भागात रुतून तिथल्या हॅमेट हाडाचा आकडा (हुकासारखं टोक) मोडू शकतो, आणि तो साध्या एक्स-रेत हमखास निसटतो, सीटी लागतो. तुमची कळ तळहातात नाही, म्हणून याची धास्ती कमी.

इंजेक्शनने कळ दबते, फाटलेलं शिवलं जात नाही. वर कंडरेजवळ स्टिरॉइड गेलं तर ती कमजोर पडू शकते. दुखणं झाकून स्पर्धा खेळायला घ्यायची ती वस्तू नव्हे. दीड महिना होऊन गेला आणि पंजा फिरवताना आवाज येतोय, तर माझ्या मते एमआरआय आता करावाच. गादीच्या बाहेरच्या काठाला रक्तपुरवठा असतो, तिथली फट हात स्थिर ठेवून भरून येऊ शकते. आतल्या भागाला नसतो, तो आपोआप सांधत नाही. कुठे फाटलंय त्यावर पुढचं सगळं ठरतं. आणि एमआरआयही कधीकधी चुकतो, शेवटी दुर्बिणीतून बघावं लागतं. करंगळी-अनामिकेला मुंग्या आल्या किंवा पकड एकदम गेली तर थांबू नका.

करंगळी कोणालाही ओढू देऊ नका, प्लीज.

जोडीला_जोडी:

आमच्या ह्यांचं दुखणं अंगठ्याच्या बाजूने होतं, टेबल टेनिस. तिकडचा आजार वेगळा निघाला, पट्ट्यानेच बरं झालं. म्हणून दुसऱ्याचा उपाय उचलू नये.

तापीकाठ (तीन आठवड्यांनी):

सर्वांचे आभार, उशिराबद्दल क्षमस्व. एमआरआय केला. गादी बाहेरच्या काठाला अर्धवट फाटलीय, कंडरेभोवती सूज आहे, हाडं ठीक. डॉक्टरांना साक्री_फिजिओंचे प्रश्न जसेच्या तसे विचारले. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, पहिल्यांदाच कोणीतरी. इंजेक्शन नको म्हणाले. कोपराला कवेत घेणारा पट्टा सहा आठवडे, म्हणजे पंजा फिरवताच येत नाही. मग व्यायाम, तरीही राहिलं तर दुर्बीण.

स्पर्धा गेली. जोडीदारीण दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी भाकरी घेऊन आली. पहाटे मेहरूण तलावाला फेरी मारते. घरचं पिळायचं काम नवऱ्याकडे गेलंय. त्याचं पिळलेलं फडकं ओट्यावर ठेवलं की खाली तळं साचतं.

रॅकेटवरची २७ची तार आधी काढून ठेवू का? डाव्या हाताने लिहितेय, ऱ्हस्वदीर्घ पोटात घाला.

रावेरचा केळीवाला:

काढा, पण कडेपासून कापत जाऊ नका, फ्रेम वाकडी होते. मधल्या तारेपासून सुरुवात करा, एक उभी, एक आडवी, असं बाहेर या. आणि कात्री नवऱ्याच्या हातात द्या.