वैद्यकीय प्रवेशाच्या अर्जात घरची परिस्थिती कशी मांडावी?

प्रश्न :
नमस्कार. माझी भाची अकरा वर्षांची होईपर्यंत नागपुरात, इंदोऱ्याला आमच्याच घरी वाढली. पुढे ती आईसोबत अमेरिकेला गेली आणि आता तेथील वैद्यकीय महाविद्यालयांसाठी अर्ज भरते आहे. माझी बहीण तेथे एका मोटेलमध्ये खोल्यांची सफाई करते. शनिवार-रविवारी भाचीही मदतीला जात असे आणि चादरींच्या ढकलगाडीच्या दांड्याला रसायनशास्त्राच्या सूत्रांचा कागद चिकटवून पाठांतर करत असे. अर्जात आयुष्यातील अडचणींविषयी लिहिण्यास जागा आहे. परंतु “मामा, मला कोणाची दया नको,” असे म्हणून ती तो रकाना कोरा सोडायला निघाली आहे. घरची लक्तरे वेशीवर टांगल्यासारखे होईल, असे बहिणीलाही वाटते. त्यांना काय सांगावे?

पहिले उत्तर :
माझ्या मुलाने असाच अर्ज केला होता, म्हणून लिहिते. ‘ॲमकॅस’ या अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामाईक अर्जसेवेच्या अर्जात पूर्वी उमेदवार स्वतःला वंचित मानतो का, असे थेट विचारत. २०२४ च्या प्रवेशाच्या अर्जांपासून तो प्रश्न जाऊन आयुष्यावर परिणाम करणाऱ्या अनुभवांविषयीचा प्रश्न आला. उत्तर ऐच्छिक असून मोकळ्या जागा धरून १३२५ अक्षरचिन्हांत बसवावे लागते. तेवढ्यात हळहळ मावत नाही. किती वर्षे, आठवड्याला किती तास, त्यापायी कोणता अभ्यास मागे पडला आणि तो तिने कसा भरून काढला, एवढेच लिहावे. अर्ज पाठवण्याआधी शुल्क-सवलत योजनेसाठीही अर्ज करावा. ती मंजूर झाल्यास २० महाविद्यालयांपर्यंतचे शुल्क माफ होते, मात्र आधी भरलेले परत मिळत नाही.

दुसरे उत्तर :
मी नागपुरातच डॉक्टर झालो. आपल्याकडे नीटचे गुण, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला हे कागदच विद्यार्थ्याच्या वतीने बोलतात. त्यामुळे आपली परिस्थिती स्वतःच्या शब्दांत सांगण्याची सवय आपल्याला लागत नाही आणि सांगणे म्हणजे हात पसरणे, असे वाटत राहते. माझे वडील हातमागावर काम करत. पहिली दोन वर्षे मी हे वर्गात कोणालाही कळू दिले नाही. पुढे वॉर्डात पाठदुखीचा एक विणकर आला, तेव्हा “मागावर किती तास बसता?” हे विचारायचे आमच्या गटात फक्त मला सुचले. म्हणून तासांचा हिशेब द्यावाच, पण त्यावर थांबू नये. त्या कामामुळे तिला माणसांच्या दुखण्यातले काय दिसू लागले, तेही लिहावे. तिखटमीठ मात्र अजिबात लावू नये, कारण मुलाखतीत त्यावरच विचारणा होऊ शकते.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. काल रात्री दोन्ही उत्तरे भाचीला फोनवर वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, सफाईच्या औषधांनी आईच्या बोटांना भेगा पडल्या तेव्हा दवाखान्यात दुभाषी म्हणून तिलाच बोलावे लागले होते, ते लिहिलेले चालेल का? मी काही सांगण्याआधीच पलीकडून बहिणीचा आवाज आला, “लिही.”