परदेशातली पहिली संध्याकाळ आणि घरची वरात

परवा भाऊ विचारत होता, मे मध्ये सगळ्यांना घेऊन जातोय, पोचल्यावर त्याच संध्याकाळी काय काय बघून होईल? म्हटलं बाबा रे, त्या दिवशी फक्त जेवायचं आणि झोपायचं बघ, तेवढं जमलं तरी खूप. मग आमची झुरिकची आठवली. तुमच्याही लिहा. अख्ख्या ट्रिपचं वर्णन नको, उतरल्यापासून झोपेपर्यंतचंच.

आमची सुरुवात. जूनमधला रविवार, आम्ही दोघं, दोन मुलं, आई-बाबा. रविवारी तिथे दुकानं बंद असतात हे वाचलेलं, पण म्हणजे एवढी बंद? मेन स्टेशनातली तेवढी उघडी आणि तिथे पाण्याची बाटली साडेचार फ्रँकला, बाबांनी लगेच रुपयात हिशोब केला आणि म्हणाले मला तहान नाहीये. पुढे चौकात एक बाई कारंज्याच्या नळाला बाटली लावून भरत होती. बाबा म्हणाले, हे गुरांचं असेल! हॉटेलवाल्याला विचारलं तर कळलं की शहरात अशी १२०० च्या वर कारंजी आहेत आणि पिऊ नका अशी पाटी नसेल तर बिनधास्त प्यायचं. मग काय, बाबांनी घरून आणलेल्या तिन्ही बाटल्या भरल्या, वर येताजाता लोकांना सांगायला लागले, मराठीत.

आईचं वेगळंच. दिवेलागण झाली की नातवंडांकडून शुभंकरोति म्हणवून घ्यायचं आणि मग पानं घ्यायची हा नेम. आणि सूर्य मावळणार साडेनऊच्या सुमाराला, म्हणजे आपल्याकडे रात्रीचा एक! आई खिडकीशी बसून राहिली, "अगं बाई, हा जातोय की नाही", तोवर मुलं बॅगांवर डोकं ठेवून गार. शेवटी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही चौघांनीच उजेडात खाल्ली. अडॅप्टरचा घोळ सांगतच नाही, युरोपचा म्हणून घेतलेला जाडा गोल तिथल्या खाचेत बसेचना, एवढंच.

–

आम्ही काठमांडूला गेलो होतो, व्हिसा नाही पासपोर्ट नाही, मतदार ओळखपत्रावर. घड्याळ फक्त १५ मिनिटं पुढे, त्यामुळे कोणी बदललंच नाही आणि संध्याकाळी पशुपतीनाथाच्या आरतीला बरोब्बर १५ मिनिटं उशिरा पोचलो. सासरे अजून मला ऐकवतात, प्लॅनिंग माझं होतं ना.

–

बँकॉक. सासूबाई शुद्ध शाकाहारी, त्यात कांदा-लसूणही नाही. फूड कोर्टात 'नो मीट' म्हटलं की मान हलवायचे आणि मासळीचा सॉस घालून आणायचे, वासानेच कळायचं. तिथे 'जे' म्हणून प्रकार असतो, पिवळ्या पाटीवर लाल अक्षर, त्यात मांस-मासे-अंडं तर नाहीच पण कांदा-लसूणही चालत नाही, हे एका कॉलेजच्या मुलीने फोनवर भाषांतर करून सांगितलं. तासभर पाटी शोधली. सापडली तेव्हा सासूबाई केळी खाऊन झोपायच्या बेतात होत्या, पण त्या नूडल्स पूर्ण संपवल्या हो, आणि वर म्हणाल्या मीठ कमी आहे.

–

मॉरिशस, आमची सगळ्यात छान. विमानतळावरून नेणारा ड्रायव्हर आमचं बोलणं ऐकत होता, मध्येच म्हणाला "तुमी मराठी?" त्याचे खापरपणजोबा उसाच्या मळ्यावर कामाला आलेले, रत्नागिरीकडचे. घरी क्रिओल बोलतात पण आरत्या पाठ, आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते हे त्यानेच सांगितलं. हॉटेलला न नेता आधी एका गाडीवर थांबवलं, ढोल पुरी खायला. डाळ वाटून जिरं-हळद घालून भरलेली मऊ लुसलुशीत पोळी, एक मागितली तरी दोनच देतात, जोडीने, वरून टोमॅटोची रस्सेदार चटणी आणि मिरची. आत्या म्हणाली, ही तर गूळ विसरलेली पुरणपोळी! बीच राहिला, अंधार पडला, कोणाला काही वाटलं नाही.

–

झुरिकवाल्या, बाबा नंतर झोपले का मग?

–

झोपले की, साडेनऊलाच. पण उठायची वेळ भारतातली. रात्री अडीचला आमचं दार वाजलं, बाबा आंघोळ करून, शर्ट खोचून, स्वेटर घालून उभे. "चहा कुठे मिळतो रे इथे?"