विचर ३, स्कायरिम की एल्डन रिंग? गोष्ट, लोर आणि हाताला बसणं

हळदपेठ (सांगली)
मंडळी, फँटसी आरपीजी (एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) पहिल्यांदाच धरतोय. डेस्कटॉपला जीटीएक्स १६५० (४ जीबी), रॅम ८ जीबी, एसएसडीवर १०० जीबी मोकळी. रात्री दीड तास मिळतो, त्यात लाइट कधी जाईल नेम नाही. यूपीएस दहा मिनिटं तग धरतो. यूट्यूबवर सगळे एकच पाढा म्हणतात: गोष्टीला विचर, जगाला स्कायरिम, मारामारीला एल्डन रिंग. यात तथ्य किती? आणि आधी कुठली घेऊ?

कंदीपेढा (सातारा)
पाढा खोटा नाही, अर्धवट आहे. लोर, म्हणजे त्या जगाचा इतिहास आणि दंतकथा, तिन्हींत पोतंभर आहे. बघायचं ते हे की ती कळल्यावर हातातल्या तलवारीला काही फरक पडतो का.

विचर ३ मध्ये पडतो, पण डिफिकल्टी वर ठेवली तरच. व्हाइट ऑर्चर्डमध्ये विहिरीपाशी भर दुपारी दिसणाऱ्या हडळीचं काम मिळतं. (आपल्याकडच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.) तिची हकीकत शोधावी लागते, विहिरीतून बांगडी काढून अवशेषांसोबत जाळावी लागते, तेव्हा ती समोर येते. बेस्टिअरी (गेममधली राक्षसांची माहितीवही) वाचली असेल तर तलवारीला स्पेक्टर ऑइल (भुतांवरचं तेल) लावून यर्डन या जादूचं रिंगण टाकता. त्यात आली की ती धडपणे मार खाते. नाही वाचली तर घाव बसल्यासारखे दिसतात आणि तिच्या जीवाची पट्टी हलत नाही. सोप्या लेव्हलवर मात्र नुसतं बटण बडवून ती मरते. मग बेस्टिअरी उघडतंय कोण? वरच्या दोन डिफिकल्टींत ध्यानाला बसून जखमा भरत नाहीत, त्यामुळे खाणं आणि स्वॅलो (जखमा भरणारं औषध) जपून वापरावं लागतं. तिसरी, म्हणजे 'ब्लड अँड ब्रोकन बोन्स', घ्या.

गेराल्ट, म्हणजे आपला नायक, वळताना जड वाटतो ही तक्रार खरी आहे. ऑप्शन्समध्ये मूव्हमेंट रिस्पॉन्स 'अल्टरनेटिव्ह' करा, बराच सुधारतो. आणि २०२२ च्या अपडेटनंतर डायरेक्टएक्स (विंडोजमधली ग्राफिक्सची व्यवस्था) ११ की १२ अशी निवड मिळते. तुमच्या कार्डाला ११ च बरं.

कृष्णाघाट
एल्डन रिंगला गोष्ट नाही म्हणणाऱ्यांनी गावाबाहेरचा वीरगळ आठवावा. अक्षर एक नसतं. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेतायत, वर शिवलिंगाची पूजा. खालून वर बघत गेलं की माणूस कसा मेला ते कळतं. इथंही तसंच, वस्तूंची वर्णनं जुळवायची. राडान हा सेनापती एवढा धिप्पाड, पण मरतुकड्या घोड्यावर का बसतो? तो हरल्यावर मिळणाऱ्या वस्तूच्या वर्णनात उत्तर आहे: लाडक्या घोड्याला सोडावं लागू नये म्हणून तो गुरुत्वाकर्षणाची विद्या शिकला. लढताना डोळ्यांसमोर असतंच, अर्थ मागून लागतो.

हाताचं म्हणाल तर एकदा वार सुरू केला की मागे घेता येत नाही. घाबरून रोलचं (लोळण घेऊन वार चुकवायचं) बटण दोनदा दाबलं तर दुसरी दाब रांगेत राहते आणि नेमकं शत्रूच्या वाराखाली जाऊन उठता. नवखे अजून दोन ठिकाणी मार खातात. एक, अंगावरचं वजन पेलायच्या मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या वर जातं आणि रोल धपकन पडतो. चिलखत उतरवा पण खाली या. दोन, सगळे रून्स (शत्रू मारून मिळतात, त्यांनी लेव्हल वाढवायची) ताकदीत घालतात. आधी व्हिगर (जीवाची पट्टी वाढवणारा गुण) २० पर्यंत न्या आणि हत्यार +३ करा. चर्च ऑफ एलेमधल्या ऐरणीवर होतं, पहिल्या दर्जाचे स्मिदिंग स्टोन २, ४ आणि ६ मिळून १२ लागतात.

तुमच्या ८ जीबी रॅमवर नका घेऊ. किमान १२ लागते, अजून ८ ची काडी टाका.

कंदीपेढा (सातारा)
वीरगळाचं पटलं. पण दिवसाला दीड तासवाल्यानं एवढी जुळवाजुळव करायची म्हणजे वही ठेवावी लागेल. क्वेस्टची (हाती घेतलेल्या कामांची) यादीच नाही त्यात.

पोवईनाका
स्कायरिमला कुणीच वाली नाही का? मारामारी लई पोकळ, मान्य. तलवार कापसातून गेल्यासारखी जाते. पण थॅल्मॉर या एल्फ सत्ताधाऱ्यांच्या वकिलातीत बंडखोरांचा म्होरक्या उल्फ्रिक याच्यावरची फाइल सापडते ती वाचा, मग बंडखोरांची बाजू घेताना हात अडखळतो. फक्त ती वाचलीच पाहिजे अशी सक्ती नाही, म्हणून निम्मे लोक लोर नाही म्हणून मोकळे होतात.

लक्षात ठेवायचं: शत्रू तुमच्या लेव्हलप्रमाणे वाढतात. नुसतं लोहारकाम आणि औषधं करून लेव्हल चढवली की बाहेरचे दरोडेखोर भारी होतात आणि तुमचा तलवारीचा हात कच्चाच. आणि फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० ला बांधा. फिजिक्स त्याला जोडलेलं आहे. व्ही-सिंक (फ्रेमरेट स्क्रीनशी जुळवणारी सेटिंग) काढून वर नेलं तर सुरुवातीची घोडागाडीच उलटीपालटी होते.

हळदपेठ (सांगली)
बाल्डर्स गेट ३ पण सुचवतायत एकजण. आणि लाइटचं?

कृष्णाघाट
बाल्डर्स गेटला १५० जीबी लागते, तुमच्याकडे नाही. जागा झाली की घ्या; पाळीपाळीनं खेळायची, घाई नाही. फक्त लाँग रेस्टची (रात्रीच्या मुक्कामाची) काटकसर करू नका. सोबत्यांचे बरेच प्रसंग मुक्कामालाच घडतात, शिधा ४० एकक लागतो तो साठवून कुजवण्यात अर्थ नाही.

लाइटचं: एल्डन रिंग सतत आपोआप सेव्ह करते, पण नेमकं सेव्ह होताना वीज गेली तर फाइल खराब होऊ शकते. अ‍ॅपडेटा, मग रोमिंग, त्यातला एल्डन रिंगचा फोल्डर आठवड्याला पेनड्राइव्हवर टाका. विचर आणि स्कायरिमला लढाई सुरू नसताना एफ५ दाबायची सवय लावा.

हळदपेठ (सांगली)
ठरलं. विचर, तिसरी डिफिकल्टी, डायरेक्टएक्स ११. रॅम पगार झाल्यावर.